हा आकडा कुठला, कधीचा

बाहेरच्या हवामान सेवेला विचारायचं आणि तिनं पाठवलेला आकडा आपल्या पानावर मांडायचा, एवढंच काम असेल तर ते एका दुपारीत होतं. एपीआय म्हणजे ठरलेल्या पत्त्यावर ठरलेल्या रीतीनं केलेली विचारणा. अक्षांश-रेखांश द्या, आपली की, म्हणजे सेवेनं दिलेली गुप्त खूण, जोडा, आणि पापणी लवायच्या आत उत्तर येतं: तापमान, आर्द्रता, वारा, ढग, पाऊस. पुसदला राहून मी बरीच वर्षं हे काम करतो आहे. कृषी केंद्रं, शेतकरी उत्पादक कंपन्या, जिनिंग, गोदामं अशा सगळ्यांसाठी हवामानाचं पान बांधून दिलं. त्या पहिल्या दुपारीनंतर जे काही शिकलो, ते इथल्या खरिपानं शिकवलं.

पुसदच्या चारी बाजूंना डोंगर आहेत, मधून पूस नदी वाहते आणि दक्षिणेला पैनगंगा विदर्भ-मराठवाड्याची सीमा आखत जाते. काळी जमीन, आणि तिच्यात कापूस, सोयाबीन, तूर. मृग लागला की सगळ्या तालुक्याचं लक्ष आभाळाकडे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. पण पहिल्या सरीनं माती ओली झाली, शेजाऱ्यानं तिफण काढली की माणसाचा धीर सुटतो. त्यानंतर पावसानं ओढ दिली की दुबार पेरणी: बियाणं पुन्हा, खत पुन्हा, मजुरी पुन्हा, आणि कर्ज मात्र तेच वाढत गेलेलं. माझ्या पानावरचा पावसाचा आकडा वाचून कोणी तिफण काढणार किंवा आवरणार असेल, तर तो आकडा माझ्यासाठी निव्वळ मजकूर राहत नाही.

माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईकांचं गहुली पुसद तालुक्यातलंच. त्यांचा जन्मदिवस, १ जुलै, महाराष्ट्र कृषी दिन म्हणून पाळतो. त्यामुळे अनेक ग्राहक म्हणतात, कृषी दिनाच्या मुहूर्तावर पान सुरू करा. मी त्यांना विनवतो की मे महिन्यात सुरू करा. १ जुलैपर्यंत पेरणीचा निर्णय बहुतेकांनी घेतलेला असतो, आणि ज्याला या पानाची सर्वांत जास्त गरज होती तो निघून गेलेला असतो.

जागा ओळखणं ही पहिली परीक्षा. बहुतेक सेवा गावाच्या नावावरूनही उत्तर देतात, आणि ग्राहकाला तेच सोपं वाटतं: खोका द्या, शेतकरी गावाचं नाव लिहील. पण यवतमाळ जिल्ह्यात वणी आहे, तशी नाशिकमध्ये सप्तशृंगीच्या गडाजवळ वणी आहे. कळंब आपल्याकडे चिंतामणीचं, दुसरं धाराशिव जिल्ह्यात, तिसरं पुण्याच्या आंबेगाव तालुक्यात. पुसदला लागून महागाव तालुका, आणि एक महागाव थेट कोल्हापूरकडे गडहिंग्लजला. परदेशी सेवेला यातलं काय कळणार? ती पहिलं सापडेल ते गाव उचलते आणि तिथला पाऊस देते. उत्तर नीटनेटकं असतं, त्यात एकही त्रुटीचा निरोप नसतो. म्हणून मी नावावरून शोध बंदच केला. तालुका निवडा, मग गाव निवडा, आणि प्रत्येक गावाचे अक्षांश-रेखांश आम्ही आधी नकाशावर पाहून पक्के केलेले. काम कंटाळवाणं आहे. ते दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ नये, कारण गावं ओळखणारा माणूसच ते करू शकतो.

अक्षांश-रेखांशांचीही एक गोष्ट आहे. हवामान सेवा सहसा अक्षांश आधी मागतात, नकाशाच्या काही फाइलींत रेखांश आधी लिहितात. एका उन्हाळ्यात कार्यालयात नव्यानं शिकायला आलेल्या मुलाकडून हे दोन आकडे उलटे गेले. पुसद साधारण १९.९ उत्तर अक्षांश आणि ७७.६ पूर्व रेखांशावर आहे. उलटं केलं की आपण ७७.६ अक्षांशावर पोहोचतो, म्हणजे नॉर्वेच्या मुख्य भूमीच्याही वर, स्वालबार द्वीपसमूहातल्या समुद्रात. बाहेर मे महिन्याचं ऊन अंग भाजत होतं आणि पडद्यावर पुसदचं तापमान उणे. पोरगा घाबरला. मी त्याला नकाशावर ती जागा दाखवली, तेव्हा तो बराच वेळ त्या बर्फाळ समुद्राकडे पाहत बसला. त्या दिवशी त्याला जे सांगितलं ते आजही प्रत्येक नव्या मुलाला सांगतो: ही चूक चांगली, कारण ती दिसली. भीती बाळगावी ती बऱ्या दिसणाऱ्या चुकीच्या आकड्याची.

वाऱ्याचा आकडा तसाच असतो. एक सेवा वाऱ्याचा वेग मीटर प्रतिसेकंद देते, दुसरी किलोमीटर प्रतितास. उत्तरात नुसतं ४ येतं. ४ म्हटल्यावर कुणालाही वाटेल, मंद वारा आहे. पण सेकंदाला ४ मीटर म्हणजे ताशी १४ किलोमीटरच्या वर. फवारणीसाठी हा फरक साधा नाही.

आमच्या जिल्ह्यात फवारणीबद्दल हलकेपणानं बोलता येत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो लोक रुग्णालयात होते, कित्येकांच्या डोळ्यांवर परिणाम झाला. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढलेली, बोंडअळीचा जोर, आणि दमट उकाडा. उंच पिकात फवारा वर धरावा लागला आणि औषध माणसाच्याच अंगावर, तोंडावर आलं. कारणं अनेक होती: औषधांची मिश्रणं, संरक्षक कपडे नसणं, पोटासाठी दिवसामागून दिवस फवारणीच्या कामाला जाणं. वारा त्यातलं एक. तोपर्यंत मी वाऱ्याचा रकाना पानाच्या कोपऱ्यात, आर्द्रतेच्या खाली, बारीक अक्षरांत ठेवत असे, कारण सगळे विचारायचे ते पावसाबद्दल. त्या वर्षानंतर वारा वर आला, पावसाच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत.

तेव्हाच दिशेचा प्रश्न नीट समजून घेतला. हवामानशास्त्रात वाऱ्याची दिशा म्हणजे तो जिकडून येतो ती. उत्तरात २७० अंश आलं तर वारा पश्चिमेकडून येतो आहे. आपले शेतकरीही असंच बोलतात, पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून येणारा. घोटाळा होतो तो पडद्यावरच्या बाणात. बाण पश्चिमेकडे तोंड करून काढायचा की पूर्वेकडे? काढणाऱ्याच्या मनात एक असतं, पाहणाऱ्याच्या मनात दुसरं, आणि वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नये हा नियम पाळणारा माणूस नेमका उलट्या बाजूला उभा राहू शकतो. आम्ही बाण काढून टाकला. तिथे सरळ वाक्य लिहिलं: ‘वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे.’ सोबत एक ओळ, की हा वेग जमिनीपासून दहा मीटर उंचीवरचा अंदाज आहे, शेतात उभं राहून झाडाची पानं पाहा. चित्र नसल्यामुळे पान फिकं दिसतं अशी तक्रार आली. मी ती मान्य केली नाही.

‘औषध मारू का आज?’ हा प्रश्न कृषी केंद्रात रोज येतो. पानावर हिरवा किंवा लाल दिवा दाखवा, असा आग्रह मला अनेकांनी केला. मी तो दिवा कधी बसवला नाही. येत्या काही तासांतला वारा, पाऊस, तापमान समोर ठेवायचं आणि औषधाच्या माहितीपत्रकातले नियम त्याखाली: जोराच्या वाऱ्यात नको, भर उन्हात नको, पाऊस तोंडावर असताना नको. शेतातल्या वाऱ्याबद्दल तिथे उभ्या असलेल्या माणसापेक्षा माझ्या सर्व्हरला जास्त कळतं, असा भास निर्माण करायचा मला अधिकार नाही.

पावसाच्या आकड्यानं माझा सर्वांत जास्त वेळ घेतला. काही सेवा पाऊस नसेल तेव्हा पावसाचा रकानाच पाठवत नाहीत. तिथे रिकामं म्हणजे शून्य. पण स्वयंचलित हवामान केंद्राकडून येणाऱ्या माहितीत रिकामं म्हणजे बहुधा केंद्राचा संपर्क तुटलेला, आणि बाहेर कदाचित मुसळधार सुरू असेल. दोन्हींना एकाच सूत्रानं ‘० मिमी’ लिहिलं की अर्ध्या वेळा आपण खोटं बोलतो. आमच्याकडे आता तीन वेगळ्या अवस्था आहेत: पाऊस नाही, पाऊस इतका, माहिती आलेली नाही. तिसरी अवस्था लिहायला ग्राहक बिचकतात. मी अडून बसतो.

मग ‘काल’ म्हणजे कोणता काल? भारतीय हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. बाहेरच्या सेवेनं जागतिक प्रमाणवेळ धरली तर तिचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो. आणि आपण घड्याळाचा दिवस मध्यरात्रीपासून मोजतो. आता समजा, पहाटे चार ते सकाळी आठ असा जोरदार पाऊस झाला. मध्यरात्रीच्या हिशेबात तो सगळा आजचा, हवामान विभागाच्या हिशेबात सगळा सरलेल्या दिवसाचा, आणि प्रमाणवेळेच्या हिशेबात दोन दिवसांत वाटला गेलेला. तिन्ही आकडे खरे. वर्तमानपत्रात छापलेला आकडा आणि आमच्या पानावरचा आकडा जुळत नाही म्हणून दुकानात वाद झाले आहेत. शेवटी आम्ही साडेआठची मर्यादा धरली, कारण शासनाचा सगळा व्यवहार तिच्यावर चालतो.

त्या व्यवहाराचं वजन मला एका पुरानंतर कळलं. नाल्याकाठी जमीन असलेला एक शेतकरी आला. रात्रीच्या पावसात उभं सोयाबीन मातीसकट खरडून गेलं होतं. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी धरतात, हे त्याला पाठ होतं. आमच्या पानावर त्याच्या गावापुढे त्याहून मोठा आकडा दिसत होता. तो म्हणाला, ‘याचा कागद काढून द्या, शिक्का मारून द्या. मी दाखवतो साहेबाले.’ मला त्याला सांगावं लागलं की हा आकडा कुणी मोजलेला नाही. परदेशातल्या संगणकानं भोवतालचा मोठा चौकोन धरून काढलेला हा हिशेब आहे. सरकार मानतं ते मंडळातल्या पर्जन्यमापकाचं मोजमाप. महावेध प्रकल्पात २०१७ पासून राज्यातल्या दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित केंद्रं बसली, त्यांची नोंद चालते, आमची चालणार नाही. तेव्हाच्या पीक विम्याच्या नियमाप्रमाणे ७२ तासांत नुकसान कळवायचं होतं, ते मी तिथेच त्याच्या फोनवरून करून दिलं. तो गेला, पण जाताना त्यानं विचारलं होतं, ‘मोजलं नाही तं लिहिलं काऊन मंग?’

या प्रश्नानं माझं काम बदललं. त्या रकान्याचं शीर्षक ‘कालचा पाऊस’ असं होतं, आणि जवळपास सगळ्याच हवामानाच्या पानांवर ते तसंच असतं. वाचणाऱ्याला त्यातून मोजमाप हाच अर्थ लागतो. तेव्हापासून मोजलेलं आणि अंदाजलेलं आम्ही वेगळ्या रंगात, वेगळ्या चौकटीत, वेगळ्या नावानं ठेवतो. जगभरच्या अंदाजात वापरले जाणारे चौकोन अनेकदा पंचवीस-तीस किलोमीटर रुंद असतात, काही सेवांचे नऊ-दहा. भारतानं मे २०२५ मध्ये सुरू केलेल्या भारत फोरकास्ट सिस्टीमचे चौकोन सहा किलोमीटरचे आहेत, ही मोठी प्रगती आहे. तरी पुसदच्या डोंगराच्या अलीकडे कोरडं आणि पलीकडे ओढ्याला पाणी, हे आम्ही दर पावसाळ्यात पाहतो. मोठ्या चौकोनात तो डोंगर सपाट होऊन जातो.

ताजेपणाचा विषयही असाच एका माणसाच्या तोंडून आला. झडी लागली होती. सलग पाऊस, वीज ये-जा करणारी, इंटरनेट गेलेलं. कृषी केंद्राच्या काउंटरवरचा पडदा बॅटरीवर सुरू होता आणि त्यावर ‘उद्या उघाड’ असं दिसत होतं. एक म्हातारे बाबा पडद्याकडे पाहून म्हणाले, ‘हे कव्हाचं हाय भाऊ?’ दुकानातल्या कुणालाच ते सांगता आलं नाही. आकडा साठवून ठेवणं हे या कामात आवश्यकच असतं. दर वाचकामागे नवी विचारणा केली तर मोफत मर्यादा संपते, ४२९ क्रमांकाचा नकार येतो, पान ठप्प होतं. शिवाय दर मिनिटाला विचारून उपयोगही नाही. जागतिक अंदाजांचे मोठे हिशेब दिवसातून चारदा होतात, नागपूरसारख्या केंद्रांवरून फुगे आकाशात सोडून वरच्या हवेची मोजणी होते तीही ठरलेल्या वेळांना. साठवण हवीच, पण साठवलेल्या आकड्याला त्याचं वय सांगता आलं पाहिजे.

म्हणून आता प्रत्येक चौकटीच्या आत, आकड्याला चिकटून, गावाचं नाव आणि वेळ असते. आतच का, तर लोक पानाचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, कापून पाठवतात, आणि तो तिसऱ्या दिवशी चौथ्या गावात फिरत असतो. तळाशी लिहिलेली वेळ त्यात कापली जाते. वाऱ्याचा आकडा तीन तासांनी पुसट होतो आणि थोड्या वेळानं जातोच. पावसाच्या अंदाजाला त्याहून जास्त मुदत. मुदत संपल्यावर तिथे ‘माहिती जुनी झाली’ असं येतं. एका ग्राहकाला रिकामी चौकट मुळीच पटेना. गिऱ्हाईक म्हणेल, यांचं यंत्र बंद पडलं. आम्ही बराच वेळ बोललो. मी एवढंच म्हणालो की तुमच्या दुकानातली मुदत संपलेली बाटली तुम्ही फळीवरून काढता, तसंच हे. ते राजी झाले.

बाहेरच्या सेवेवर उभं राहण्यात आणखी एक गोष्ट असते: ती सेवा आपली नसते. डार्क स्काय नावाची सेवा जगभरच्या पानांना अंदाज पुरवायची. अ‍ॅपलनं ती २०२० साली विकत घेतली आणि ३१ मार्च २०२३ ला तिचा एपीआय बंद झाला. देशातही, कृषी विज्ञान केंद्रांत चालणारी १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रं २०२४ साली बंद झाली. ती स्थानिक सल्ला देत होती, तो थांबला याचं मला मनापासून वाईट वाटतं. संगणकाच्या बाजूनं एवढंच सांगता येतं की आपल्या प्रणालीतला बाहेरच्या सेवेशी बोलणारा भाग वेगळा, छोटा ठेवावा. त्यातच एककं बदलावीत, वेळ भारतीय करावी, रिकामं आणि शून्य वेगळं करावं. पुढच्या सगळ्या पानाला सेवा कोणती हे कळूही नये. सेवा बदलली की तेवढाच भाग नव्यानं लिहायचा. सेवेची की मात्र सर्व्हरवरच राहू द्यावी. ब्राउझरमध्ये उघडी ठेवली की कुणीही उचलतं.

काही गोष्टी आम्ही आणतच नाही. विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी अ‍ॅप आहे. जूनमध्ये शेतात माणसं विजेनं जातात, आणि त्या माहितीला आमच्या सर्व्हरमधून आणखी एक वळसा घालायला लावणं बरोबर नाही. पानावर दामिनीचा दुवा मोठा आहे. पिकाच्या सल्ल्यासाठी मेघदूत अ‍ॅप आहे. लाल-नारिंगी इशारे हवामान विभागाचे, शब्द त्यांचे, वेळ त्यांची. आम्ही त्यात एक अक्षर घालत नाही. विभागाची माहिती घ्यायची तर अर्ज करून आपल्या सर्व्हरचा पत्ता नोंदवावा लागतो. खटपट होते, पण करावी.

सध्या एका शेतकरी उत्पादक कंपनीबरोबर साध्या पर्जन्यमापकांचं काम चाललं आहे. नरसाळं आणि काचेचं मोजपात्र, यात बिघडण्यासारखं फारसं काही नाही. सभासद सकाळी साडेआठला पाणी मोजून फोनवरून आकडा भरतात. काही घरांत हे काम मुली करतात आणि त्यांच्या नोंदी सर्वांत नियमित येतात. एखाद्या दिवशी नोंद आली नाही तर तो दिवस आम्ही रिकामा ठेवतो, शेजारच्या गावावरून भरत नाही. डोंगरापलीकडच्या एका गावात गेल्या पावसाळ्यात सेवेचा अंदाज पुन्हा पुन्हा कमी निघाला, मोजपात्रात कितीतरी जास्त पाणी. त्या गावासाठी अंदाजात दुरुस्ती करावी असं आमच्या कार्यालयातल्या मुलांचं मत आहे, गणितही त्यांनी मांडलं आहे. मी त्यांना आणखी दोन खरीप थांबायला सांगितलं आहे. तोवर त्या गावाच्या पानावर दोन्ही आकडे शेजारी असतील, आणि मोजलेला आकडा वर.